लाकडाचा मासा

आमिष हा शब्द मराठीत कोणी चांगल्या अर्थाने वापरल्याचे निदान मला तरी आठवत नाही. आमिष दाखवतो तो लबाड, आणि त्याला भुलतो तो भोळा. 'गळाला लागला' असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो त्याची आपल्याला एक तर कीव येते, नाही तर हसू येते. तेव्हा ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना, मी वाचकांना आमिषाचाच इतिहास सांगायला बसलो आहे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण ही फसवणूक माणसाने माणसाची केलेली नाही. अमेरिकेतल्या नद्यांत आणि तळ्यांत राहणाऱ्या एका माशाला फसवण्यासाठी गेली दोनशे वर्षे घड्याळजी, मधमाश्या पाळणारे, शेतकरी, कारखान्यातले कारागीर अशा साध्यासुध्या माणसांनी आपली सगळी अक्कल पणाला लावली. फसवायचे म्हणजे आधी ओळखले पाहिजे. ह्या मंडळींनी त्या माशाला इतके ओळखले की पुष्कळदा शेजाऱ्यालाही आपण तितके ओळखत नाही.

ह्या माशाचे नाव बास. आपल्या कोकणातल्या खाड्यांत जो जिताडा मिळतो त्यालाही इंग्रजीत सी-बास म्हणतात, पण नावापलीकडे त्या दोघांचे नाते नाही. अमेरिकेतला बास गोड्या पाण्यातला. त्याच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांतल्या मुख्य दोन, एक मोठ्या तोंडाचा आणि एक लहान तोंडाचा. मोठ्या तोंडाचा बास पाणवनस्पतींत, बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत दबा धरून बसतो. लहान तोंडाच्याला खडकाळ तळ आणि स्वच्छ, गार, वाहते पाणी आवडते. स्वभावाने म्हणाल तर आपल्या मरळ माशाची आठवण व्हावी. तसाच दबा, तशीच एकाएकी झेप, तोच बेडकांवर राग. आणि मरळीप्रमाणेच पोरांचा सांभाळ करण्याची सवय. बासाचा नर वसंतात शेपटीने तळ झाडून घरटे करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि हा बाप अंडी फुटून पिले पोहू लागेपर्यंत पहारा देत राहतो. जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो.

शास्त्रज्ञांनी मात्र ह्या माशाला नाव देताना गमतीची चूक करून ठेवली. लासेपेद नावाच्या फ्रेंच पंडिताकडे लहान तोंडाच्या बासाचा एक नमुना आला. त्याच्या पाठीवरच्या पराचा मागचा भाग मोडलेला होता. लासेपेदला वाटले की हा शेवटचा इवलासा तुकडा म्हणजे ह्या जातीचे वैशिष्ट्यच आहे. १८०२ साली त्याने 'लहान पराचा' अशा अर्थाचे मायक्रोप्टेरस हे नाव ठेवून दिले. शास्त्रात पहिल्या नावाला मान, म्हणून आजही जगभर तेच चालते. एका जखमी माशामुळे सबंध कुळाचे नाव पडले!

आता मूळ गोष्टीकडे वळू.

पूर्वी गळ टाकण्याची पद्धत जगभर सारखीच होती. लांब काठी, तिच्या टोकाला बांधलेला दोरा, दोऱ्याला गळ. काठी आणि दोरा मिळून जेवढी पोच तेवढेच पाणी आपले. पलीकडच्या काठाला, त्या बुडालेल्या ओंडक्याखाली बास बसलेला दिसतो आहे, पण आमिष तिथवर जायचे कसे? त्यासाठी दोरा गुंडाळलेले चाक असे हवे की आमिषाच्या वजनाने ते सरसर फिरावे आणि दोरा सुटत जावा. परत ओढताना मात्र मुठीच्या एका फेऱ्यात भरपूर दोरा गुंडाळला जावा. दात्यांची अशी चाके इंग्लंडात अठराव्या शतकातही होती, परंतु ती कच्ची, अडकणारी. हा प्रश्न नीट सुटला तो केंटकी प्रांतातल्या पॅरिस ह्या लहानशा गावात. तिथे जॉर्ज स्नायडर नावाचा सोनारकाम आणि घड्याळकाम करणारा गृहस्थ राहत होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतली ही हकीकत. त्याला मासे धरण्याचा नाद होता आणि हाताशी घड्याळाची हत्यारे होती. घड्याळात जशी मोठी दातेरी चक्री लहान चक्रीला फिरवते तशीच योजना त्याने गळाच्या चाकात केली. पुढे त्याच प्रांतातल्या फ्रँकफर्ट गावी मीक नावाच्या घड्याळजी भावांनी हे काम इतके सफाईदार केले की 'केंटकीचे रीळ' ही एक मिरवण्याची वस्तू होऊन बसली. मूठ एकदा फिरवली की चाक साधारण चार वेळा फिरे.

ह्या रिळाला एक खोड होती. संक्रांतीला पतंगाची फिरकी धरून ज्याने ढील दिली असेल त्याला ती लगेच कळेल. दोरा पुढे जायचा थांबला आणि चाक मात्र फिरतच राहिले तर असा गुंता होतो की सोडवता सोडवता दिवस मावळावा. त्यावर उपाय एकच, अंगठा. चाकावर अंगठा अलगद टेकवून ठेवायचा आणि आमिष पाण्याला लागते ना लागते तोच तो दाबायचा. घड्याळजीने चाक दिले. अंगठ्याची अक्कल मात्र ज्याची त्याने कमवायची.

खोट्या आमिषांत एक जुने आणि प्रसिद्ध म्हणजे चमचा. त्याची कथा सांगतात ती अशी. व्हर्मांट प्रांतात बोमोसीन नावाचे सरोवर आहे. तिथे ज्युलिओ ब्यूएल हा तरुण होडीत बसून जेवत असता त्याच्या हातातला चमचा पाण्यात पडला. चकाकत, हेलकावे घेत तो खाली जात असताना एक मोठा मासा आला आणि त्याने चमचा गिळला. ब्यूएलने घरी जाऊन दुसऱ्या चमच्याचा दांडा कापला, त्याला भोक पाडले आणि गळ जोडला. कथा खरी असेल वा नसेल. न्यूटनच्या सफरचंदासारख्या अशा कथा प्रत्येक शोधाला चिकटतातच. पण १८५२ साली ब्यूएलने आपल्या चमच्याचे पेटंट घेतले हे खरे. हे चमचे साऱ्या जगात गेले. आपल्याकडेही आले. हिंदुस्थानातल्या नद्यांत महाशीर धरण्याच्या नादी लागलेले इंग्रज अंमलदार पितळी चमचे बाळगून असत. मद्रास इलाख्यातले एक अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले ते ह्याच नादातून.

ब्यूएलच्या चमच्यात एक मोठी गोष्ट दडलेली होती आणि ती समजायला लोकांना आणखी पन्नास वर्षे लागली. चमचा हा माशासारखा दिसत नाही. त्याला डोळे नाहीत, खवले नाहीत. तरी मासा त्यावर झेपावतो. का? तर चमचा जखमी मासळीसारखा हलतो म्हणून. मासा रूपाला भुलत नाही, चालीला भुलतो. पुढचा सगळा इतिहास म्हणजे ह्या एका गोष्टीचा विस्तार आहे.

तो सांगण्यापूर्वी मध्येच एक आगगाडीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण शेवटी तिचा संबंध येणार आहे. अटलांटिक महासागराला मिळणाऱ्या पोटोमॅक नदीत पूर्वी बास नव्हता. तो डोंगरापलीकडे, ओहायोच्या खोऱ्यात. १८५४ च्या सुमारास श्रायव्हर नावाच्या गृहस्थाला वाटले की हा मासा आपल्या बाजूला असावा. नुकताच तिकडे लोहमार्ग झाला होता. त्याने भोके पाडलेल्या पत्र्याच्या भांड्यात काही बास भरले आणि ते भांडे इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत लोंबकळत ठेवले. अशा रीतीने डोंगर ओलांडून हे प्रवासी मेरीलँडमधल्या कंबरलँड गावी कालव्यात उतरले आणि तिथून पोटोमॅकमध्ये शिरले. थोड्याच वर्षांत सबंध नदी बासांनी भरली. लोकांनी श्रायव्हरची वाहवा केली. त्या नदीतल्या आधीच्या माशांना काय वाटले हे त्या काळी कोणी विचारले नाही.

१८८१ साली जेम्स हेन्शल ह्या डॉक्टराने बासावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या वेळी मासे धरण्याच्या खेळातसुद्धा वर्णव्यवस्था होती. ट्राउट आणि सामन हे कुलीन, त्यांच्यासाठी इंग्लंडातून आणलेल्या लांब काठ्या आणि पिसांच्या नाजूक माश्या. बास म्हणजे शेतकऱ्यांचा मासा. हेन्शलने छातीठोकपणे लिहिले की वजनाला वजन लावून पाहा, झुंज देण्यात बासाच्या तोडीचा मासा नाही. नुसते लिहून तो थांबला नाही; बासासाठी सुमारे आठ फुटांची आखूड, हलकी काठी त्याने प्रचारात आणली. काठी आखूड झाली आणि केंटकीच्या रिळाला खरा जोडीदार मिळाला.

आता हेडन. मिशिगन प्रांतातल्या डोवाजिॲक गावचा जेम्स हेडन हा मधमाश्या पाळण्यात नावाजलेला आणि वर्तमानपत्र चालवणारा माणूस. त्याची कथाही चमच्याच्या कथेच्या जातीची आहे. गेल्या शतकाआधीच्या शतकाचे शेवटचे दशक. हेडन गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत बसला होता आणि हाताला चाळा म्हणून चाकूने लाकडाचा तुकडा तासत होता. मित्राची चाहूल लागली तसा त्याने तो तुकडा पाण्यात भिरकावला. तुकडा पाण्याला लागतो तोच खालून एका बासाने त्याला असा धक्का दिला की तो हवेत उडाला! हेडनने घरी जाऊन लाकडाचे बेडूक कोरले. पुढे १९०२ च्या सुमारास त्याने मुलांसह धंदा सुरू केला आणि देवदाराच्या लाकडाचे, रंगवलेले, गळांच्या झुपक्यांचे मासे दुकानांत दिसू लागले.

हे रंगवलेले मासे दिसायला फार सुंदर. हिरवी पाठ, पांढरे पोट, काचेचे डोळे. आज ते जुनेपुराणे जमवणारे लोक हौसेने विकत घेतात. माझा आपला असा तर्क आहे की त्यांतले निम्मे रंग माशांसाठी नसून दुकानात येणाऱ्या माणसांसाठी होते. गळ मासा धरो न धरो, गिऱ्हाईक आधी धरले पाहिजे. परंतु चालीचे तत्त्वही कारागीर विसरले नव्हते. इंडियाना प्रांतात गॅरेट गावच्या क्रीक चब कंपनीने लाकडी माशाच्या हनुवटीला पत्र्याची लहानशी जीभ बसवली. दोरा ओढला की पाणी त्या जिभेवर आपटते आणि लाकूड डावी-उजवीकडे वळवळत खाली बुडी मारते. लाकडाला पोहता येऊ लागले ते असे.

ह्याच कंपनीच्या एका लाकडी माशाने १९३२ साली इतिहास घडवला. अमेरिकेत त्या वेळी महामंदीचे दिवस. जॉर्जिया प्रांतात जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी होता. वडील वारलेले, आई आणि भावंडांचा भार ह्याच्यावर. दोन जूनला पाऊस पडून जमीन इतकी ओली झाली की नांगर धरणे शक्य नव्हते. तेव्हा पेरी एका मित्राबरोबर ऑकमल्गी नदीच्या जुन्या पात्रात साचलेल्या माँटगोमेरी तळ्यावर गेला. दोघांत मिळून आमिष एकच होते. पेरीने ते टाकले, पाणी ढवळून निघाले, आणि गळ एका ओंडक्यात अडकला असे त्याला वाटले. मग ओंडका हलू लागला.

जवळच्या हेलेना गावी वजन केले तेव्हा ते बावीस पौंड चार औंस भरले, म्हणजे दहा किलोच्या किंचित वर. लांबी साडेबत्तीस इंच आणि घेर साडेअठ्ठावीस. कोणीतरी सुचवले म्हणून पेरीने 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या स्पर्धेत नोंद पाठवली आणि त्याला पंचाहत्तर डॉलरचा माल बक्षीस मिळाला. जगातल्या सर्वांत मोठ्या बासाचे पुढे काय झाले? तो पेरीच्या घरी शिजला आणि घरच्यांनी पोटभर खाल्ला. पेंढा भरून भिंतीवर लावावा हे कोणाच्या मनातही आले नाही. मला ह्या गोष्टीतले हेच आवडते. पुढे ह्या विक्रमापायी लोकांनी लाखो डॉलर आणि उभे आयुष्य खर्च केले. ज्याने विक्रम केला त्याला त्या दिवशी घरच्यांच्या जेवणाची काळजी होती.

भुकेचा आणि लाकडी माशाचा संबंध इथेच संपत नाही. अटलांटिकच्या पलीकडे, फिनलंडात, जवळपास त्याच वर्षांत लाउरी रापाला नावाचा गरीब मासेमार पायाने सरोवरावर होडी वल्हवत पोट भरत होता. ह्या माणसाचे आडनावसुद्धा त्याच्या घराण्याचे नव्हे. लहानपणी आई त्याला घेऊन दुसऱ्या गावी आली तेव्हा नोंद करणाऱ्या पाद्र्याला त्यांचे आडनाव आठवेना, म्हणून त्याने जुन्या गावाचे नावच लिहून टाकले. तेच पुढे जगभर गाजले. रापाला हजारो गळांची लांब दोरी सरोवरात सोडी. प्रत्येक गळाला मासळी लावायची, म्हणजे आधी मासळी धरायची, मग ती लावायची, मग मोठा मासा धरायचा. ह्या कष्टांतून सुटका व्हावी म्हणून तो विचार करू लागला. वल्ही थांबवून तो पाण्यात पाहत राही. छोट्या मासळ्यांचा थवा जात असतो. एखादा पाइक किंवा ट्राउट त्यात शिरतो. शेकडो मासळ्यांतून तो नेमकी एकच निवडतो. कोणती? जिची चाल किंचित बिघडलेली आहे ती. एका बाजूला कललेली, थरथरत जाणारी.

१९३६ साली त्याने बुचाचा मासा तासला. रंग आणि रोगण विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून चॉकलेटच्या वेष्टनाचा चांदीचा कागद त्याने अंगावर चिकटवला आणि छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्याचे रोगण केले. मग तो घासत, तासत, पाण्यात ओढून पाहत राहिला, जोपर्यंत ती बिघडलेली चाल जमली नाही तोपर्यंत. बुचानंतर झाडाची साल, आणि पुढे बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड. मुले हाताशी आली तशी तीही कामाला लागली. धंदा वाढल्यावरसुद्धा प्रत्येक मासा टाकीत पोहवून पाहिल्याखेरीज बाहेर जाऊ द्यायचा नाही हा दंडक राहिला.

१९५९ साली हा मासा अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस गावी दोन व्यापाऱ्यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी तो आयात करायला सुरुवात केली. पुढची गंमत योगायोगाची. 'लाइफ' ह्या सचित्र साप्ताहिकाने १९६२ च्या ऑगस्टमध्ये रापालाच्या माशावर लेख छापला. त्याच अंकात नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रोवरचा लेख होता आणि मुखपृष्ठावर तिचेच चित्र. तो अंक घराघरांत गेला. तिच्यासाठी घेतलेल्या अंकात लोकांना हा फिनलंडचा मासा भेटला, आणि मागण्यांची पोती येऊन पडू लागली. पेरी आणि रापाला हे दोघेही १९७४ सालीच वारले, हाही एक योगायोग. दोघांची कधी भेट झालेली नव्हती.

लाकडाबरोबर दुसरेही एक आमिष ह्या सुमारास आले. ॲक्रन हे रबराच्या कारखान्यांचे गाव. तिथल्या निक क्रीम ह्या यंत्रकारागिराने १९४९ साली पत्नी कॉस्मा हिच्या मदतीने घरच्या चुलीवर प्लॅस्टिकचा रस शिजवून त्याचे मऊ गांडूळ ओतले. डॉलरला पाच ह्या भावाने ती टपालाने विकली जाऊ लागली. सत्यनारायणाच्या प्रसादासाठी घेतलेल्या पातेल्यात कोणी असला पदार्थ शिजवला असता तर आपल्याकडे काय झाले असते ह्याची कल्पना गृहिणींनीच करावी.

आतापर्यंत सांगितले ते सगळे मुख्यतः उन्हाळ्याचे. आमिष टाकावे, ते वळवळावे, आणि बासाने धावून यावे. पण थंडी पडली की हे शास्त्र उलटेपालटे होते, आणि माझ्या मते ह्या कलेचा खरा कस तिथेच लागतो.

माशाचे रक्त आपल्यासारखे स्वतःची ऊब राखीत नाही. पाणी जितके गार तितका मासा गार. उन्हाळ्यात जो बास दिवसभर भक्ष्याच्या शोधात असतो त्याला पाणी दहा अंश सेंटिग्रेडच्या खाली गेले की जणू पेंग येते. खाल्लेले पचायला फार वेळ लागतो, म्हणून भूक कमी. भूक कमी म्हणून धावपळ नको. त्यात पाण्याचा एक विलक्षण गुण आहे. इतर पदार्थ जसजसे गार होतात तसतसे जड होत जातात. पाणी मात्र चार अंशांपर्यंत जड होते आणि त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. त्यामुळे बर्फ वर तरंगते आणि चार अंशांचे पाणी तळाशी राहते. आपण हे भूगोलात मुलांना शिकवतो आणि मुले ते पाठ करून विसरतात. बास ते पाठ न करता जाणतो. वर बर्फ किंवा बर्फाइतके गार पाणी असता तो खोलावर, उतारावर, जिथे त्यातल्या त्यात बरे आहे तिथे थव्याने जाऊन बसतो.

अशा माशापुढे वळवळणारे लाकूड सरसर नेले तर तो ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या नाकासमोर जाऊन थांबले पाहिजे. म्हणून हिवाळ्यात गळ टाकणाऱ्यांनी पहिली गोष्ट शिकली ती हात आवरण्याची. शिशाची गोळी ओतलेला गळ, त्याला हरणाच्या शेपटीचे केस बांधलेले, असे एक जुने आमिष आहे. त्याला जिग म्हणतात. क्रीमचे प्लॅस्टिक गारठ्यात ताठरते, पण केस ताठरत नाहीत. आमिष तळाशी अगदी स्थिर पडले असले तरी पाण्याच्या हालचालीने केस फुलतात, मिटतात, श्वास घेतल्यासारखे दिसतात. माणसाने काही करायचे नाही. केसांनाच करू द्यायचे. आणि 'काही न करणे' हे किती कठीण असते, हे बोटे गारठलेली, काठीच्या कड्यांतून दोऱ्यावरचे पाणी गोठून बसलेले आणि दोन तासांत एकदाही दोरा हललेला नाही, अशा स्थितीत कळते. मासा लागला तरी उन्हाळ्यासारखा हिसका बसत नाही. दोरा जरासा बाजूला सरकतो, एवढेच.

रापालाच्या लाकडी माशावरही हिवाळ्याने संस्कार केला. तो मूळचा तरंगणारा. ओढले की बुडतो, थांबले की वर येतो. गार पाण्यातल्या बासाला हे वर येणे पसंत नाही. तेव्हा लोकांनी अशा तरंगणाऱ्या माशांच्या पोटाला भोके पाडून, शिसे भरून किंवा तार गुंडाळून, त्यांचे वजन पाण्याच्या वजनाशी इतके नेमके जुळवले की तो मासा बुडेना आणि तरंगेना. दोनदा हलका झटका द्यायचा आणि सोडून द्यायचे. दहा आकडे मोजायचे. वीस मोजायचे. पाणी फार गार असेल तर तीस. आमिष पाण्यात अधांतरी लटकून राहते, आणि बास येतो तो बहुधा ह्या मोजणीत येतो. पुढे कारखान्यांतूनच असे मासे तयार होऊन येऊ लागले.

पूर्व टेनेसीच्या डोंगरांत तर ह्याहून साधी आणि शहाणी रीत निघाली. तिथे १९३३ नंतर सरकारने मोठमोठी धरणे बांधली आणि खोल, स्वच्छ जलाशय निर्माण झाले. त्यांत शॅड नावाची चंदेरी मासळी असते. तिला थंडी सोसत नाही. पाणी फार गारठले की ती अर्धमेली होते आणि खोलही जात नाही, वरही येत नाही. मधल्या पाण्यात थरथरत मरते. खालचा सुस्त बास एवढ्यासाठी मात्र वर येतो, कारण धावावे लागत नाही, तोंड उघडले की झाले. हे ज्यांनी पाहिले त्यांनी केसांचा इवलासा जिग घेतला, त्याच्या वर दहा-बारा फुटांवर बूच बांधले, आणि लांब, लवचिक काठीने तो पाण्यावर ठेवून दिला. वारा सुटला की लाटांवर बूच हलते आणि खाली तो जिग मरणाऱ्या शॅडसारखा थरथरतो. इतकी यंत्रे, इतके रंग, इतकी पेटंटे झाल्यावर माणूस पुन्हा बूच आणि गळ ह्यांवर आला. पण ह्या खेपेला त्याला कारण ठाऊक होते.

१९६७ साली रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या माणसाने अर्कान्सा प्रांतातल्या बीव्हर सरोवरावर शंभर-सव्वाशे लोकांची बास धरण्याची स्पर्धा भरवली. प्रवेश फी शंभर डॉलर. हा छंद त्या दिवसापासून धंदा झाला. मोठ्या होड्या, मोठी बक्षिसे, मोठ्या जाहिराती सगळे मागोमाग आले. त्याबद्दल फारसे सांगण्याजोगे मला काही वाटत नाही. मात्र १९७२ पासून स्कॉटने धरलेले मासे मारू नयेत, होडीतच हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवून वजनानंतर सोडून द्यावेत असा प्रघात घातला, हे त्याचे मोठेच काम. आपल्याकडच्या माणसाला, खायचे नाही तर धरायचे कशाला, असे वाटेल. मलाही वाटते. पण लाखो लोक धरणारच असतील तर सोडलेला मासा मारलेल्या माशापेक्षा बरा, हेही खरे.

'धरा आणि सोडा' हा नियम अमेरिकेत पुण्याचा ठरला आणि जपानात तोच गुन्हा ठरला, त्याची हकीकत सांगून हा लेख पुरा करतो.

१९२५ साली आकाबोशी तेत्सुमा नावाच्या जपानी उद्योगपतीने कॅलिफोर्नियातून मोठ्या तोंडाचे बास नेऊन हाकोनेच्या डोंगरातल्या आशी सरोवरात सोडले. त्यासाठी त्याने सरकारी परवानगी घेतली होती आणि सरोवरही चहूकडून बंदिस्त असे निवडले होते. श्रायव्हरपेक्षा तो नक्कीच विचारी. पुढे १९७० नंतर लूर टाकण्याचे वेड जपानी तरुणांत पसरले तसे कोणी ना कोणी रात्रीबेरात्री ह्या तळ्यातले मासे त्या तळ्यात नेऊन सोडू लागले. थोड्याच वर्षांत देशभर बास झाला. १९७४ साली तो बिवा सरोवरात सापडला. बिवा हे जपानातले सर्वांत मोठे आणि फार प्राचीन सरोवर. जगात इतरत्र नाहीत असे मासे तिथे आहेत. त्यांतल्या एका जातीचे मासे मीठ आणि भात घालून महिनोन् महिने मुरवतात आणि सणावारी खातात. ती मासळी कमी होत गेली. कारणे अनेक होती, काठावरची बोरूची रानेही तुटली होती, पण बासाचे मोठे तोंड हे एक कारण होतेच. आपल्याकडे १९५२ साली आणलेला आफ्रिकेतला तिलापिया आज उजनीच्या काठी 'चिलापी' म्हणून सर्रास विकला जातो. त्या पाण्यातल्या जुन्या मासळीची आठवण तिथल्या म्हाताऱ्या मासेमारांना विचारावी.

बिवाच्या काठच्या शिगा प्रांतात २००३ साली कायदा लागू झाला की धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडता कामा नये. काठावर ठिकठिकाणी पेट्या ठेवल्या. मासा त्यात टाकायचा. २००५ पासून देशभरातच बास पाळणे, जिवंत नेणे, कुठे सोडणे ह्यावर बंदी आली. बासाबरोबर आणखी एक अमेरिकन मासा ह्या यादीत आहे, ब्लूगिल. तो बासाच्याच कुळातला. १९६० साली युवराज अकिहितो अमेरिकेला गेले तेव्हा शिकागोच्या महापौरांनी त्यांना ही मासळी भेट दिली. युवराज स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक; खाद्य मासळी म्हणून उपयोग होईल अशा हेतूने त्यांनी ती संशोधनसंस्थेला दिली, आणि तिथून ती सुटली. २००७ साली, सम्राट असताना, बिवाकाठच्या ओत्सु शहरी भरसभेत त्यांनी ह्याबद्दल मनाला यातना होतात असे बोलून दाखवले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, ह्याच बिवा सरोवरात कुरिता मानाबु नावाच्या तरुणाने एक बास धरला. त्याचे वजन बावीस पौंड आणि पाच औंसांना थोडे कमी भरले. पेरीच्या माशापेक्षा ते जेमतेम एका औंसाने जास्त. आणि जुना विक्रम मोडायचा तर दोन औंस जास्त लागतात असा नियम आहे. म्हणून कागदपत्रे आणि छायाचित्रे तपासून २०१० च्या जानेवारीत दोघांची बरोबरी जाहीर झाली. सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीचा जॉर्जियाचा शेतकरी आणि हा जपानी तरुण ह्यांची नावे तेव्हापासून एकाच ओळीत आहेत. पेरीच्या गळाला क्रीक चबचा लाकडी मासा होता. कुरिताच्या गळाला जिवंत ब्लूगिल होता.